जाळी काढल्यावरचे पहिले काही तास

‘डाक्टरांनू, माका बरा दिसता. अडीचची एसटी चुकतली,’ असं म्हणत आजी पिशवी उचलून निघाल्या होत्या. घर देवगडच्या पुढे, खाडीकाठी. लेसर होऊन अर्धा तासही झाला नव्हता. आम्ही त्यांना बसवून ठेवलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात कृत्रिम भिंग बसवताना मागचं पातळ आवरण तसंच ठेवतात. पुढे त्यावर पेशी वाढतात आणि ते गढूळ होतं. आपल्याकडे त्याला ‘जाळी आली’ म्हणतात. याग लेसरने मधोमध ३-४ मिलिमीटरची खिडकी पाडली की नजर मोकळी होते. पण तुटलेल्या आवरणाचा चुरा डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याच्या वाटेत अडकतो आणि दाब चढतो, बहुधा पहिल्या १ ते ४ तासांत. आजींना आधीपासून काचबिंदू, म्हणजे डोळ्याच्या नसेला इजा करणारा आजार. त्यांच्या थकलेल्या नसेला असा चढ सोसवत नाही.

आवरण जाड होतं. लेसरच्या दर फटक्याला सव्वा-दीड मिलिज्यूलपासून सुरुवात केली आणि रोख भिंगाच्या किंचित मागे धरला, नाहीतर भिंगावर खड्डे पडतात. तरी नेहमीपेक्षा जास्त फटके लागले. एकूण ऊर्जा जितकी जास्त, तितकी दाबाची धास्ती जास्त. दाब उतरवणाऱ्या ब्रिमोनिडिनचा एक थेंब लेसरआधी दिला होता, एक लगेच नंतर.

तासाभराने दाब ३४. लेसरआधी होता १८. डोळा पांढराशुभ्र, दुखणं काही नाही. हेच फसवं असतं, पेशंटला काहीच कळत नाही. आकडा खरा आहे ना, ते आधी पाहिलं. लेसर करताना डोळ्यावर ठेवलेल्या काचेखालची जेल बुबुळावर राहिली की टोनोमीटरची (दाब मोजायच्या यंत्राची) हिरवी वर्तुळं जाड दिसतात आणि दाब खोटाच वाढलेला येतो. पापणी उचलताना बोट डोळ्यावर दाबलं गेलं तरी तेच. डोळा धुऊन पुन्हा मोजलं. ३३.

एरवी अशा वेळी दाब उतरवायला टिमोलॉलचे थेंब हाताशी येतात. पण आजींच्या पिशवीत दम्याचा पंप होता आणि टिमोलॉल दम्यात चालत नाही, म्हणून ते बाद. दोन औषधं एकत्र असलेल्या बऱ्याच बाटल्यांतही टिमोलॉल असतं, त्यामुळे लेबल पूर्ण वाचायचंच. सल्फाची ॲलर्जी नाही हे विचारून आणि किडनीचा ताजा रिपोर्ट बघून दाब उतरवणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या २५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या. बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त जावं लागेल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलं. ते न सांगितल्यामुळे गोळीच बंद करणारे पेशंट बरेच असतात.

पुढच्या तासाला २६, मग २१. रात्री त्यांना कणकवलीत भाचीकडेच ठेवलं. सकाळी १७.

काचबिंदूचे जुने थेंब चालूच ठेवायला सांगितले. सूज उतरायला स्टेरॉइडचे थेंब दिवसातून चार वेळा, आठवडाभरच. बरं वाटतंय म्हणून मेडिकलमधून दुसरी बाटली आणायची नाही, स्टेरॉइडनेही दाब वाढतो. आठवड्याने पुन्हा दाब आणि मागचा पडदा तपासायचा. मध्येच विजा चमकल्यासारख्या दिसल्या, काळे धागे अचानक वाढले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं, तारखेची वाट बघायची नाही.