एम.लिब. झालं, आता पुढचा कोर्स कोणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी (बी.लिब.) आणि पदव्युत्तर पदवी (एम.लिब.) घेऊन ग्रंथपालाची नोकरी शोधणाऱ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने असाच असतो: "बी.लिब. झालं, एम.लिब. झालं, जाहिराती बघून डोळे शिणले, पण कुठेच जमत नाही. पीएच.डी.ला नाव नोंदवू, की संगणकाचा एखादा डिप्लोमा करून टाकू?"

माझं उत्तर असं, की तूर्त दोन्ही थांबवा. आधी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पदरात पाडून घ्या, आणि तो अभ्यास चालू असतानाच दोन-तीनशे मराठी पुस्तकांच्या तालिका-नोंदी (ग्रंथालयाच्या यादीतल्या नोंदी) स्वतःच्या हाताने करा. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या आज पुष्कळांकडे आहेत. मराठी पुस्तकाची नोंद अशी करणारे, की वाचकाने शोधलं तर पुस्तक सापडेल, फारच थोडे आहेत.

पात्रतेचं पुन्हा सांगतो, कारण इथेच बरेच जण अडकतात. महाविद्यालयात ग्रंथपाल किंवा विद्यापीठात सहायक ग्रंथपाल व्हायचं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. २००९ किंवा २०१६ च्या नियमांप्रमाणे झालेली पीएच.डी. असेल तर नेट-सेटमधून सूट आहे, म्हणून अनेकांना तो जवळचा रस्ता वाटतो. पण पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं जातात आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. नेट वर्षातून दोनदा होते. दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सेट राज्यापुरती चालते, नेट देशभर. दोन्हींचे फॉर्म भरा, अभ्यास जवळपास एकच आहे.

टक्केवारीत इथे पूर्णांक धरत नाहीत. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्क्यांची सवलत आहे. गुण थोडक्यात हुकले असतील तर श्रेणी सुधारण्याची परीक्षा विद्यापीठ देतं का, हे आजच विचारा, कारण त्या सोयीला बहुधा मुदत असते. दूरशिक्षणाने पदवी घेणार असाल, मग ते इग्नू असो की नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, तर त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे हे पाहून घ्या. त्या पानाची प्रत काढून फाईलला लावा, कागदपत्रं तपासताना ती मागतात.

केंद्रीय विद्यालयात बी.लिब.वर ग्रंथपालाच्या पदाला अर्ज करता येतो आणि पगार चांगला आहे, पण भरती कधी निघेल याचा भरवसा नाही. गोव्यातल्या सरकारी पदांवर डोळा असेल तर कोकणी येणं आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला या दोन अटी आधी बघा. सिंधुदुर्गातल्या मुलामुलींचा अर्ज बरेचदा त्या दाखल्यापाशीच अडतो.

सार्वजनिक ग्रंथालयांचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित ग्रंथालयं उभी राहिली, गावोगावी पोचली, आणि या राज्याचं ते मोठं वैभव आहे. पण २०२२ च्या वाढीनंतरही ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ४८ हजार रुपये अनुदान ठरलं. महिन्याला चार हजार, आणि त्यातूनच पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि विजेचं बिल. तिथे काम करणारी माणसं ग्रंथालयं जिवंत ठेवून आहेत. त्यांना वेतनश्रेणी मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. पण तुम्हाला घर चालवायचं असेल तर हे गणित आधी मांडा. तिथे शिकायला मात्र भरपूर मिळतं. दाखल रजिस्टर, वर्गणीचं पुस्तक, वार्षिक अहवाल, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचं दप्तर हे सगळं एका माणसाच्या हाताखालून जातं.

आता नोंदींकडे येतो.

कोहा ही ग्रंथालयाचं काम सांभाळणारी संगणक प्रणाली फुकट आहे आणि घरच्या संगणकावर बसते. जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम, त्यावर डेबियन किंवा उबंटू ही लिनक्स प्रणाली एवढं पुरतं. कोहा बसवल्यावर आधी शाखा, मग सभासदांचे प्रकार, मग साहित्याचे प्रकार आणि शेवटी देवघेवीचे नियम या क्रमाने भरा. नियम भरायचे राहिले तर पुस्तक सभासदाच्या नावावर चढतच नाही, आणि नवशिके दोन-दोन दिवस कोहा बिघडलं समजून ते पुन्हा बसवत राहतात. दुसरी हमखास अडचण म्हणजे नोंद जतन झालेली असते, पण शोधल्यावर दिसत नाही. बहुतेक वेळा झेब्रा ही अनुक्रमणिका बनवणारी सेवा बंद पडलेली असते. ती चालू करून अनुक्रमणिका पुन्हा बांधली की नोंद दिसू लागते. देवनागरीसाठी झेब्राला आयसीयूची (रोमनखेरीज इतर लिपीही हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची) मांडणी द्यावी लागते. मूळ मांडणी रोमन लिपी धरून केलेली आहे, तिच्यावर मराठी शब्दांचा शोध नीट लागत नाही. आणि बॅकअप: कोहा रोज आपली प्रत काढून ठेवतं, पण त्याच यंत्रावर. डिस्क गेली की मूळही गेलं आणि प्रतही. आठवड्यातून एकदा तरी ती बाहेरच्या ड्राइव्हवर न्या.

नोंद करताना बरेच जण झेड३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयाच्या नोंदी शोधून उतरवण्याची संगणकीय सोय) वरून अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची तयार नोंद उतरवून घेतात. इंग्रजी पुस्तकाला हे ठीक. मराठी पुस्तकाच्या नोंदीत मात्र शीर्षक आणि लेखक रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबं देऊन लिहिलेले असतात. काही नोंदींत ८८० या क्षेत्रात (मार्क या नोंदींच्या ठरलेल्या साच्यातल्या क्रमांकाच्या रकान्यात) देवनागरी रूप असतं, काहींत नसतंच. तुमचा वाचक देवनागरीत टंकून शोधणार, आणि पुस्तक कपाटात असूनही "सापडलं नाही" असं उत्तर येणार. म्हणून २४५ मध्ये शीर्षक आणि १०० मध्ये लेखक देवनागरीतच घाला. रोमन रूप हवं तर जोडीला ठेवा.

याहून बारीक गोष्ट दिसतच नाही. "वाऱ्यावर" हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत टिंबवाला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मधे शून्य रुंदीचा जोडक हे न दिसणारं चिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. संगणकाला ते वेगवेगळे शब्द आहेत. एकाने एका कीबोर्डवर नोंद केली, वाचकाने मोबाइलच्या दुसऱ्या कीबोर्डवर शोधलं, की संपलं. तीच गत "ॲ"ची: एकसंध ॲ वेगळा आणि अ वर चंद्र काढून केलेला वेगळा. "ॲड." असं नाव शंभर नोंदींत असेल तर निम्मी एका बाजूला आणि निम्मी दुसऱ्या बाजूला जातात. उपाय सोपा आहे. एक रूप ठरवा, ते भिंतीवर लावा, सगळ्यांनी तेच टंका, आणि जुन्या नोंदी शोधा-बदला करून एकसारख्या करून घ्या. जुन्या श्री-लिपी किंवा तत्सम फॉन्टमधल्या याद्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये फिरवाव्या लागतात. फिरवल्यावर ऱ्य, र्‍ह आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, चुका नेमक्या तिथेच राहतात.

लेखकांच्या नावांचं काम तर आपल्याकडे जवळजवळ कोणी करतच नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता आरती प्रभु या नावाने लिहिल्या आणि कादंबऱ्या स्वतःच्या नावाने. एएसीआर-२ या तालिकीकरणाच्या नियमावलीप्रमाणे इथे दोन शीर्षनामं (ज्या नावाखाली नोंद लागते ती नावं) होतात आणि प्रमाणनोंदीत (लेखकाचं ठरलेलं नाव सांगणाऱ्या नोंदीत) ५०० क्षेत्रातून ती एकमेकांना "हेही पाहा" म्हणून जोडायची. ग्रेस यांचं तसं नाही. पुस्तकांवर ग्रेस हेच नाव आहे, म्हणून शीर्षनाम ग्रेस, आणि माणिक गोडघाटे हे ४०० मधून तिकडे वळवायचं. अशा पन्नास प्रमाणनोंदी तुम्ही स्वतः केल्या असतील तर मुलाखतीत तालिकीकरणावरचा कुठलाही प्रश्न तुम्हाला हलवू शकणार नाही.

ड्यूई दशांश पद्धतीतल्या वर्गांकाचा (पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या क्रमांकाचा) सरावही असाच हाताने करा. मराठी साहित्य ८९१.४६, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३ हे पाठ होतंच. निवड समितीतले जाणकार मुद्दाम कोपऱ्यातलं विचारतात. मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद कुठे? तोही ८९१.४६३ लाच, कारण साहित्य मूळ भाषेखाली जातं. उसाची लागवड ६३३.६१, पण शेतमालाच्या अर्थकारणाचं पुस्तक ३३८.१. गणितज्ञाचं चरित्र ५१०.९२. घरातली शंभर पुस्तकं काढा, प्रत्येकाला वर्गांक द्या, आणि तो का दिला ते एका ओळीत लिहा. ती ओळच मुलाखतीत कामाला येते.

केंद्र सरकारच्या संस्थांत मुलाखत असेल तर हरवलेल्या पुस्तकांवर प्रश्न येऊ शकतो. सामान्य वित्तीय नियम २०१७, नियम २१५ वाचून जा. २० हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी. २० ते ५० हजारांना तीन वर्षांतून निदान एकदा. त्यापुढे नमुना पडताळणी, तीही तीन वर्षांच्या आत. वर्षात वाचकांनी हाताळलेल्या हजार ग्रंथांमागे पाचांची तूट, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर, वाजवी धरतात. पण हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी व्हायलाच हवी. "दंड घेऊ" एवढ्या उत्तराने समिती पुढच्या उमेदवाराकडे वळते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ चे पाच सिद्धान्तही पाठ म्हणून दाखवू नका. दारापासून लांब ठेवलेलं स्पर्धा परीक्षांचं कपाट पुढे का आणायचं, हे चौथ्या सिद्धान्तावरून (वाचकाचा वेळ वाचवा) सांगता आलं तर पुरे.

खासगी महाविद्यालयात बोलावणं आलं की पगाराच्याही आधी चार गोष्टी विचारा. पद मंजूर आहे का? अनुदानित की विनाअनुदानित? वर्तमानपत्रात रीतसर जाहिरात आली होती का? निवड समितीत विद्यापीठाचा प्रतिनिधी असणार का? समितीशिवाय नेमणूक झाली तर विद्यापीठाची मान्यता मिळत नाही, आणि मान्यतेविना केलेली वर्षं पुढे अनुभव म्हणून मोजून घेताना पार दमछाक होते. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) भेट तोंडावर आली की घाईने ग्रंथपाल नेमणाऱ्या संस्था असतात, कारण मूल्यांकनात ग्रंथालयाचं संगणकीकरण, ई-साधनं, खर्च आणि रोजचा वापर हे सगळं दाखवावं लागतं. भेट आटोपली की तुमची गरजही आटोपते. नेमणूकपत्रात पदनाम, वेतन आणि मुदत लिहिलेली नसेल तर मी तरी तिथे रुजू होण्याचा सल्ला देणार नाही.

बायोडाटा दोन पानांचा ठेवा. "कोहाचे ज्ञान" असं लिहू नका. कोणती आवृत्ती बसवली, किती नोंदी केल्या, त्यातल्या किती मराठी, एसक्यूएलने (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढण्याच्या संगणकीय भाषेने) कोणते अहवाल काढले ते लिहा. नोंदींची मार्क फाईल पेन ड्राइव्हवर न्या आणि कोणी विचारलं तर तिथल्या संगणकावर उघडून दाखवा.

नोकरी लागल्यावर पीएच.डी.चा विचार जरूर करा, तेव्हा तिचा रोखीने उपयोग आहे. वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, काहीच नसेल तर सहा. सोबत २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि संगणकीकरणासारख्या विषयावरची निदान पाच दिवसांची कार्यशाळा लागते. हे वर्ग मुदत जवळ आल्यावर शोधू नका. जागा मिळत नाहीत, आणि बढती वर्ष-वर्ष लांबते.

आणि अनुभवाचं प्रमाणपत्र पहिलं वर्ष भरलं की लगेच मागून घ्या. त्यावर पदनाम, रुजू तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, वेतन, मान्यतेच्या पत्राचा क्रमांक आणि जावक क्रमांक असावा. जावक क्रमांक नसलेलं पत्र छाननीत बाजूला पडतं, आणि चार वर्षांनी प्राचार्य बदलल्यावर तो क्रमांक घालून द्यायला कोणी तयार होत नाही.