कान न शिणवणारे स्पीकर शोधताना

आधीची जोडी मी दुकानात दहा मिनिटं ऐकून उचलली होती. झांजा लखलखत होत्या, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. वाटलं, इतके दिवस आपण ऐकलं तरी काय! घरी आल्यावर आठवडाभरात लक्षात आलं, की गाणी लावली की अर्ध्या तासात माझा हात आवाज कमी करायला जातो. मग आणखी कमी. मग बंद. गाणं आवडीचं, आवाज बेताचा, तरी बंद केल्यावर हायसं वाटायचं. शेजारच्या खोलीतून आई म्हणायची, "त्या बाईच्या तोंडून नुसत्या शिट्ट्याच येतात रे." मी हसण्यावारी नेलं.

तिचं बरोबर होतं. 'स', 'श', 'च' यांची शीळ साधारण 5 ते 8 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच ते आठ हजार कंपनांच्या, आसपास असते. त्याच्या जरा खाली, 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये, माणसाचा कान सगळ्यात तिखट. कानाच्या या आवडीनिवडीचे आलेख फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच मांडले होते. या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल जास्तीचे टाकलेला स्पीकर दुकानात 'क्लिअर' वाटतो आणि घरी टोचतो. इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाचा एकेक पट्टा कमी-जास्त करण्याच्या सोयीवर, 3 किलोहर्ट्झपाशी दोन डेसिबल उतरवून पाहिले, तर फरक चटकन कळला. दुखणं सापडलं म्हणायचं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. मित्राने त्याचे जुने, 'एकदम वॉर्म' स्पीकर ऐकायला दिले. सगळे जण गोधडी पांघरून गात होते! पहिल्या दिवशी आराम वाटला, तिसऱ्या दिवशी शब्द कळेनात म्हणून मी पुढे सरकून बसलो. ताण देऊन ऐकावं लागलं तरी कान शिणतातच. वॉर्म म्हणजे 100 ते 300 हर्ट्झमध्ये थोडा भरलेपणा आणि वरच्या पट्टीत हळूवार उतार. मधला भाग, जिथे माणसाचा आवाज राहतो, तो जागेवर हवा. हे समजायला मला तीन दिवस त्या गोधडीत काढावे लागले.

पुढच्या खेपेला दुकानात स्वतःची रेकॉर्डिंग घेऊन गेलो: साथीशिवाय गाणारी एक बाई, एकटं व्हायोलिन, कुणाचं तरी साधं भाषण, आणि मुद्दाम एक कर्कश, दाबून मोठं केलेलं गाणं. भाषण सर्वांत उपयोगी पडलं, कारण माणूस बोलताना कसा वाटतो हे कानाला शिकवावं लागत नाही. दोन जोड्यांची तुलना करताना फोनवरच्या मीटरने आवाज सारखा करून घेतला. एखादा डेसिबल जास्त असला तरी तीच जोडी 'चांगली' वाटते. विक्रेता प्रत्येक वेळी महागडी जोडी जरा मोठ्याने लावत होता. मुद्दाम की सवयीने, कोण जाणे.

रेशमी घुमटाचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) मऊ आणि धातूचा टोचरा, असं पक्कं डोक्यात घेऊन गेलो होतो. तिथे एक रेशमी जोडी कानात सुईसारखी गेली आणि एक ॲल्युमिनियमची शांत निघाली. खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरकडून ट्वीटरकडे आवाज कसा सोपवला आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. भाषण चालू ठेवून मी बाजूला चालत गेलो. एका जोडीत बोलणारा माणूसच बदलल्यासारखा झाला. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं, की फक्त समोरचा नव्हे तर बाजूला जाणारा आवाजही सुरळीत असलेले स्पीकर ऐकणाऱ्यांना जास्त आवडतात. घरात बराचसा आवाज भिंतींवरूनच तर परत येतो.

भिंतींवरून आठवलं. नवे स्पीकर आणण्याआधी मी खोलीत एक टाळी वाजवून पाहिली. झिण्ण! मोठी काच, उघडी फरशी, रिकामी भिंत. जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट एवढ्यावर जुनी जोडीसुद्धा पुष्कळ सुधारली. हे आधी का केलं नाही, याचा राग आला, पण व्हायोलिनच्या वरच्या सुरांत टोचणी उरलीच होती.

शेवटी जी जोडी घेतली, ती दुकानात सगळ्यात बेरंगी वाटली होती. परत करण्याच्या बोलीवर दोन संध्याकाळी घरी ऐकली. पहिल्या संध्याकाळी दोन तास झाले आणि माझा हात आवाजाच्या बटणाकडे गेला तो वाढवायला. स्पीकर भिंतीला टेकवले तेव्हा खालचा आवाज ढबढब करत फुगला. अर्धा मीटर पुढे ओढले तसा बसला. तोंडं थेट कानांकडे न करता खांद्यांच्या जरा बाहेर वळवली, तेव्हा उरलीसुरली शीळही निवली. ट्वीटर कानाच्या उंचीला आणायला खाली दोन जाड पाट लागले.

आता फरशीवर चिकटपट्टीच्या चार खुणा आहेत. झाडताना स्पीकर सरकतात, आणि सरकले की आईच आधी सांगते.