उजनीच्या पाण्यावरचे पाहुणे

आज कुंभारगावला जाऊन उजनीच्या बॅकवॉटरवर मनसोक्त रोहित (फ्लेमिंगो) पाहिले. पण जास्त मजा आली ती नावेतून उतरल्यावर, टपरीवर चहा घेता घेता एकमेकांच्या कॅमेऱ्यात डोकावताना!

ग्रुपमधल्या एका काकांनी नदी सुरय टिपलाय. पिवळ्या चोचीत आडवा मासा, आणि माशाच्या शेपटीवरून सुटलेला थेंब अजून हवेतच. शटर १/३२०० सेकंदावर होतं म्हणे. पण नुसत्या शटरने असा फोटो मिळत नाही, सुरय सूर कधी मारणार हे ओळखायला पक्ष्यावर जीव लागतो.

पट्टकादंब हंसही भेटले. हिमालय ओलांडून इथवर येतात ही पाखरं! झूम केल्यावर डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या लख्ख दिसल्या. त्याचं श्रेय आमच्या नावाडी दादांना. थवा बिचकू नये म्हणून त्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने नाव हळूहळू पुढे नेली.

घरट्यांचे फोटो मात्र, पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून, आमच्यात कुणी टाकत नाही, कितीही सुंदर असले तरी.

सगळ्यांचे फोटो परवानगीने खाली देतोय. सुरयाला मनापासून दाद द्या, आणि यंदाच्या हिवाळ्यातले तुमचे फोटोही कमेंटमध्ये येऊ द्या.