नागपुरात बसून कोलामीचं जुनं व्याकरण

"पीएचडी कशात केली?" "कोलामी-गोंडीच्या व्याकरणाच्या इतिहासात." म्हणजे आपल्याकडच्या आदिवासींच्या, तेलुगू-तमिळच्या द्रविड कुळातल्या भाषा. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, नोकरी कुठे लागते? अरे बाप्पा, जाहिरातच निघत नाही. मराठीची निघते, इंग्रजीची निघते, भाषाशास्त्राची निघालीच तर सीएचबीवर, तासाचे पैसे, तेही कधी येतील ते येतील.

पण काम मात्र भारी आहे. जुन्या मराठीवाल्यांकडे ताम्रपट आहेत, लीळाचरित्र आहे, कोलामीकडे असं काहीच नाही, म्हणून मागे जायचं तर आजच्या बोली आणि बहिणी-भाषा शेजारी ठेवून. आता लिंगाचंच घ्या. आपल्याकडे तो-ती-ते. कोलामीत, गोंडीत पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं जग दुसरीकडे, म्हणजे बाई आली काय नि बैल आला काय, क्रियापदाचं रूप एकच, आणि अनेकवचनातही तसंच. तेलुगूत एकवचन असंच, पण अनेकवचनात बायका पुरुषांसोबत जाऊन बसतात. तमिळ-कन्नडमध्ये 'ती'ला सरळ वेगळं रूप आहे. मग मूळचं कोणतं? द्रविड भाषांचे मोठे अभ्यासक भद्रिराजू कृष्णमूर्ती, त्यांचं म्हणणं होतं की मूळ द्रविड पद्धत ही गोंडी-कोलामीचीच. सगळ्यांना पटत नाही, मला पटतं, कारण 'अवळ्' (म्हणजे 'ती') सारखं रूप तमिळ-कन्नडच्याच गटात मिळतं, म्हणजे ती नंतरची भर. दोन हजार वर्षांचं साहित्य असलेल्या तमिळपेक्षा ही जुनी गोष्ट कोलामीने सांभाळली, तेही लिपीशिवाय!

पुण्याला जा म्हणतात सगळे. गेलो होतो, डेक्कन कॉलेजातूनच एमए केलं. पण कोलामी यवतमाळ-वर्ध्याकडे (भाषाशास्त्रज्ञ एमेनोचं १९५५ चं कोलामी व्याकरण वर्ध्याकडच्याच बोलीचं), गोंडीच्याच जवळची माडिया गडचिरोलीत, मुंडा या वेगळ्या भाषाकुळातली कोरकू मेळघाटात, आणि जळगाव जामोदकडे निहाली, जिचं कुळच अजून कोणाला लागलं नाही. एवढं सगळं इथून एसटीने जाऊन गाठता येतं, तर पुण्यात बसून काय करू?

खरी डोकेदुखी उसन्या शब्दांची. कोलामीत तेलुगू नि मराठी इतकी मिसळलीय की जुनं रूप म्हणून आनंदाने लिहून घ्यावं तर ते आदिलाबादच्या बाजारातून आलेलं निघतं. म्हणून कोणाला या लाइनीत यायचंच असेल तर आधी तेलुगू शिका, आणि घरच्यांना पगाराचं आत्ताच सांगून ठेवा.