हातभर मोरी, वय किती?

मालवणला मोऱ्या, म्हणजे शार्क मासे, मोजायच्या तर लिलावाच्या आधी. होडी किनाऱ्याला लागते, जाळ्यातली मासळी सोडवून टोपल्यांत पडते, भाव ठरला की टोपली हलते. मधल्या वेळात होईल तेवढं काम आपलं. एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी हे अंगावर घेतलं. कॉलेजचं पत्र जवळ होतं, पण खरी परवानगी मासे विकणाऱ्या काकींची. "गो बाय, मोजून झाला काय? गिऱ्हाईक थांबला हा," असं ऐकलं की टेप गुंडाळायची.

नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, मग मोरी उताणी करायची. नराच्या मागच्या परांना दोन दांडे असतात. ते लांब आणि कडक झाले असतील तर नर वयात आलेला, मऊ असतील तर अजून पोर. मादीचं बाहेरून काही कळत नाही. त्यासाठी काकी कापायला बसल्या की शेजारी फतकल मारायची. बाजारात नेहमी दिसणारी चपट्या, टोकदार नाकाची छोटी मोरी म्हणजे स्कोलिओडॉन. हिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर, त्यात पिल्लाला पुरेल असं काहीच नाही. आई नाळेतूनच सगळं पोसते. काकींनी पोट चिरलं की नाळेसकट पिल्लांची रांगच बाहेर यायची. (बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात, हे त्याच वेळी त्यांनी मला शांतपणे सांगितलं.)

खरी गंमत लांबीच्या रकान्यात होती. ४५ सेंटिमीटरची स्कोलिओडॉन ही पिल्लं देऊन मोकळी झालेली बाई. त्याच टोपलीतली ४५ सेंटिमीटरची कानमुशी, म्हणजे हॅमरहेड, नुकती जन्मलेली. पोटावर नाळेची खूण अजून ओली. ती वयात येणार दोन मीटरच्या आसपास पोचल्यावर, त्यालाही कितीतरी वर्षं. २०१९ पासून ही जात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. 'लहान मोरी धरू नका' हा नियम इथे कुचकामी, असं माझं मत तिथेच झालं.

मुद्दाम मोरी धरायला तशी इथली छोटी होडी जात नाही. बांगडा-सुरमईच्या जाळ्यात ती येते. कानमुशीची मादी पिल्लं द्यायला उथळ पाण्यात येते, आणि छोट्या होड्यांचं पाणीही तेच. संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. देवमुशीसारख्या, म्हणजे व्हेल शार्कसारख्या, धुडाला ते ठीक. कानमुशी जाळ्यात फार लवकर मरते. जाळं ओढेपर्यंत सोडायला जिवंत काही उरलेलं नसतं. मग उपाय एकच, पिल्लांच्या दिवसांत त्या पट्ट्यात जाळं न टाकणं.

हे मी एका तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, सांगितलं. "पिलां खयच्या महिन्यात येतत ता माका ठावक आसा," ते म्हणाले. "पण थय जाळा टाकूचा नाय, तर बांगडो खयसून आणू?"

आता माझ्या तक्त्यात मोरीबरोबर त्याच जाळ्यातल्या बांगड्याचं वजनही लिहिते.