खर्जाची आस

मनोगत शाळेविषयी लिहा, असं शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीच्या पत्रात आहे. शाळेविषयी लिहिणारे पुष्कळ निघतील. मैदान, मधल्या सुट्टीतला वडापाव, गळणारा व्हरांडा यांतलं काही ना काही प्रत्येकाच्या लेखात येईलच. मी संगीताच्या बाईंविषयी लिहिणार आहे. समितीला चालत नसेल तर मजकूर परत पाठवावा, राग नाही.

शाळेत सगळ्याच शिक्षिका 'बाई'. पण आमच्या १९९३ च्या दहावीच्या बॅचमध्ये नुसतं "बाईंनी बोलावलंय" म्हटलं की पाय आपोआप तळमजल्यावरच्या तंबोऱ्याच्या खोलीकडे वळायचे. तेव्हा मीही नुसतं बाईच म्हणतो.

मला गाता येत नव्हतं, अजूनही येत नाही. आठवीत गाण्याच्या निवडीत बाईंनी मला एकदा 'सा' लावायला सांगितला आणि "बस खाली" म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पोचलो ते कॉम्प्युटर रूममुळे. दोन्ही खोल्यांच्या मधे नुसतं लाकडी पार्टिशन, तेही छतापर्यंत न पोचणारं. त्यामुळे आमचे प्रोग्रॅम अडखळत असताना पलीकडे कोणाचा भूप कुठे अडखळतोय ते आम्हाला कळे, आणि आमचं सगळं त्यांना.

केंद्र सरकारच्या १९८४ मधल्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर दिले गेले, ती यंत्रं नव्या मुलांनी पाहिली नसतील. मेमरी ३२ केबी. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी जी गुलाबाची चित्रं येतात, त्यांतल्या एकासाठीही ती पुरली नसती. पण बीबीसीत आवाजाची वेगळी चिप होती. तीन स्वर आणि चौथा नुसता खरखराट, असे चार आवाज एकदम निघत. बेसिक या प्रोग्रॅमच्या भाषेत 'साउंड' लिहून पुढे चार आकडे द्यायचे: कोणता आवाज, किती मोठा, कोणता स्वर, किती वेळ. वेळ सेकंदाच्या विसाव्या भागात. स्वराला ५३ दिलं की पेटीची पांढरी एक, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीचा स्वर. दर अर्ध्या स्वराला चार आकडे पुढे जायचं.

मी सारेगम टाईप केली. सा ५३, गंधार त्याच्या चार अर्धे स्वर वर, म्हणून आला ६९. वाजवली. पलीकडची पेटी थांबली आणि पार्टिशनच्या वरून आवाज आला, "गंधार चढा आहे रे."

कॉम्प्युटरचे सर म्हणाले, गणित बरोबर आहे, मशीन चुकत नाही. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मशीनचं मला माहीत नाही. गंधार चढा आहे." मी ६८ केलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "आता उतरला. पण आधीच्यापेक्षा हाच बरा."

पुढे नोकरीला लागल्यावर मी हा हिशेब मांडला. शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, आणि शंभर सेंटचा एक अर्धा स्वर. ६९ हा आकडा ४०० वर पडतो, म्हणजे चौदा सेंट चढा. ६८ पडतो ३७५ वर, अकरा सेंट उतरलेला. बाई अकरा आणि चौदा यांतला फरक कानाने सांगत होत्या, तोही आगगाडीच्या डब्यातल्या स्पीकरसारख्या त्या बीबीसीच्या आवाजावर. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं ते याच गंधाराच्या भानगडीपायी, हेही त्यांनीच सांगितलं. स्वतः मात्र वर्ग पेटीवरच घेत. "पर्याय काय? चाळीस पोरं आणि एक तंबोरा."

त्या तंबोऱ्यावर येतो.

तो मिरजेचा. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पहिली आठवण बाईंची झाली.) एकदा स्पर्धेला नेताना टेम्पोत त्याचा भोपळा तडकला, तो मिरजेलाच जाऊन दुरुस्त झाला, आणि त्यानंतर बाईंनी त्याला शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला संमेलन असलं की मुली नुसत्या पेटीवर गात. कॅसेटवर तंबोरा भरून पाहिला होता, पण एका टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर वाजवली की स्वर हलायचा. बाजारात इलेक्ट्रॉनिक तंबोरे मिळत. ते ऐकून बाईंनी पदर कानावर घेतला होता.

आम्ही नववीत असताना शाळेत एक २८६ पीसी आला, आणि बोटीवर असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सिंगापूरहून साउंड ब्लास्टर कार्ड आणून दिलं. ते कार्ड मूळचं सिंगापूरचंच. बीबीसी स्वर तयार करायची. हे कार्ड आवाज ऐकून घ्यायचं. सेकंदाला साधारण अकरा हजार वेळा माइकची पातळी मोजायची आणि प्रत्येक मापाला ० ते २५५ मधला एक आकडा द्यायचा. १२८ म्हणजे शांतता. तेच आकडे उलट क्रमाने सोडले की शब्द उलटा ऐकू येतो, हा शोध लागल्यावर आम्ही पहिला आठवडा मुख्याध्यापकांचं नाव उलटं ऐकण्यात घालवला.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की तंबोऱ्याचं एक आवर्तन, म्हणजे पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खालचा खर्ज अशी चार तारांची एक फेरी, भरून घ्यायचं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचं. कार्ड घड्याळातल्यासारख्या क्रिस्टलवर चालतं, त्याचा स्वर हलत नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "ऐकवा, मग बघू."

दुपारचं अधिवेशन सुटल्यावर पार्टिशनवरून माइकची वायर टाकली, कारण पीसीच्या पंख्याची घरघर अलीकडे ठेवायची होती. पहिली अडचण लगेच आली. त्या पीसीत कार्डाकडे एका दमात ६४ केबीपेक्षा जास्त आवाज धाडता येत नसे. अकरा हजारांच्या वेगाने ते सहा सेकंदांतच संपत, आणि बाईंचं आवर्तन सात-आठ सेकंदांचं. मी विचारलं, बाई, थोडं भरभर छेडता का? बाईंनी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला. "मशीनसाठी तंबोरा पळवायचा नाही."

मग मोजण्याचा वेग आठ हजारांवर आणला. आवर्तन बसलं. बाईंनी दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाल्या, "जवारी गेली." खरंच गेली होती. सेकंदाला आठ हजार मापं घेतली की चार हजार हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, आणि घोडीवरच्या सुताने तारेला येणारी ती जरीची किनार, म्हणजेच जवारी, बरीचशी तिथेच वर असते. हा नियम मी नंतर इंजिनिअरिंगला पुस्तकात वाचला. वर्गात सगळे उतरवून घेत होते आणि मला कानात "जवारी गेली" ऐकू येत होतं.

शेवटी पुन्हा अकरा हजारांवर आलो आणि आवर्तनाचे दोन तुकडे केले. माझ्या बाकावरच्या मित्राचा थोरला भाऊ इंजिनिअरिंगला होता. त्याने टर्बो पास्कल या प्रोग्रॅमच्या भाषेत एकामागून एक तुकडा सोडणारा प्रोग्रॅम लिहून दिला. तुकड्यांचा सांधा आम्ही तिसरी तार छेडली जाण्याच्या अगदी आधी ठेवला. तिथे क्षणाचा खंड पडला तरी नव्या झंकारात तो बुडून जाई. आवर्तन संपून पुन्हा सुरू होतं तिथे मात्र दरवेळी टक् व्हायचं, कारण शेवटचा आकडा १८० आणि पहिला ९५, अशी उडी पडे. मग दोन्ही टोकं १२८ जवळची शोधायची, त्यातही तरंग दोन्हीकडे वर चढणारा हवा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक बटण असतं. आम्ही छापलेले आकडे जमिनीवर पसरून पेन्सिलीने शोधत होतो.

टक् गेलं. आम्ही बाईंना हाक मारली. पडद्यावर तरंग दिसत होता, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसल्या. चार-पाच आवर्तनं झाली.

"पंचम कोरडा आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. टक् नव्हतं, खरखर नव्हती, स्वर बरोबर होता. कोरडा म्हणजे काय?

"अरे, तंबोऱ्यात पंचम छेडता तेव्हा आधीचा खर्ज अजून बोलत असतो. त्याच्या आसेवर, रेंगाळणाऱ्या नादावर, पंचम येतो, पंचमाच्या आसेवर जोड येते. तुमचे जोडाचे षड्ज छान आहेत, खर्ज छान आहे. पंचम तेवढा असा येतो, जणू याच्याआधी काही वाजलंच नाही."

आणि वाजलंच नव्हतं! आम्ही घेतलं होतं ते पहिलंच आवर्तन. बाईंनी स्तब्ध तंबोऱ्यावर पहिलं बोट ठेवलं तिथपासून. त्या पंचमाच्या खाली खर्ज असणार कुठून? वरून तरंग पाहून कोणालाही ते दिसलं नसतं, कारण त्या जागी काही चूक नव्हतीच. एक गोष्ट नव्हती, एवढंच.

बाई पुन्हा तंबोरा घेऊन बसल्या. या वेळी आम्ही त्यांना छेडत राहायला सांगितलं आणि मधलं एखादं आवर्तन उचलायचं ठरवलं. एका आवर्तनात नेमका खिडकीवर कावळा ओरडला, ते बाद झालं. त्याच्या पुढचं घेतलं. पंचमाखाली खर्जाची आस आली, आणि गंमत म्हणजे जोडाच्या तारेवरचा तो सांधाही आता शोधून सापडेना. बाईंनी खूप वेळ ऐकलं, मग पेटी न उघडता त्यावर यमनचा नुसता आलाप घेतला. त्या कोणासाठी गात नव्हत्या. पीसीला ऐकून गाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

संमेलनाला दोन गाणी होती, एक काळी चारमध्ये, दुसरं एक पूर्ण स्वर वर, काळी पाचमध्ये. दुसऱ्यासाठी वेगळा तंबोरा भरला नाही. कार्डाला वेग सांगताना एक आकडा द्यावा लागे. त्याचा हिशेब असा की दहा लाखांना २५६ वजा तो आकडा इतक्याने भागायचं. १६५ च्या जागी १७५ दिला की ९१ ऐवजी ८१ ने भागलं जातं, आणि तंबोरा जवळजवळ नेमका एक पूर्ण स्वर वर जातो. लयही तेवढीच चढते. बाई म्हणाल्या, दुसरं गाणं द्रुतच आहे, खपेल.

पीसी रिक्षातून गडकरीला नेला, मॉनिटर माझ्या मांडीवर. विंगेत टेबल मांडलं. दोन्ही गाणी झाली. बाई आत आल्या त्या तडक दुसरं गाणं म्हणणाऱ्या मुलीकडे गेल्या आणि अंतऱ्यात श्वास चुकीच्या जागी का तोडला म्हणून तिला फैलावर घेतलं. तंबोऱ्याबद्दल अवाक्षर नाही. आम्ही पोरं त्यावरच खूश, कारण बाईंना खुपलेली गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडली नाही असं कधी घडलेलं नव्हतं.

बाई रागीट होत्या, असं आमच्या बॅचचे काही जण अजून म्हणतात. असतील. मला त्या रागावण्याचाच फायदा झाला.

आज माझा घंटाळीजवळ छोटा स्टुडिओ आहे. ऑडिओबुक करतो, जुन्या टेप स्वच्छ करून देतो. आता चोवीस बिट आहेत, सेकंदाला शहाण्णव हजार मापं आहेत, मेमरीची तर मोजदादच नाही. हाताखाली चांगली शिकलेली मुलं येतात. आवाज ऐकायच्या आधी पडद्यावर बघतात, हिरवी रेघ सरळ दिसली की "झालं सर" म्हणतात. मी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवतो. दोघं-तिघं या खुर्चीपायीच सोडून गेले. जे राहिले ते आज माझ्यापेक्षा बरं काम करतात.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. पार्टिशन निघालं आहे, दोन्ही खोल्यांचा मिळून एक ई-लर्निंग हॉल झाला आहे, एसी आहे, पडदा मोठा आहे. गाण्याच्या तासाला फोनवरचा तंबोरा लावतात. मी मुद्दाम थांबून ऐकला. पंचम कोरडा नव्हता, कोणीतरी नीट काम केलंय. मिरजेचा तंबोरा कुठे गेला ते कार्यालयात कोणाला सांगता आलं नाही, आणि याचं मला वाईट वाटलं ते वाटलंच. सुवर्णमहोत्सवाच्या खर्चात मंडपाच्या झालरी बसतात, तर चार तारा आणि एक गवसणीही बसायला हरकत नव्हती.

बाई आता नाहीत. त्यांचं गाणं कुठे भरलेलं आहे का, याचा मी शोध घेतो आहे. आमची फ्लॉपी बुरशीने गेली, आणि तिच्यावर नुसता तंबोराच होता. पण १९८५ ते १९९५ या काळातल्या संमेलनांच्या कॅसेट पालकांनी पुष्कळ भरल्या होत्या. कोणाच्या माळ्यावर असतील तर शाळेच्या कार्यालयात आणून द्या, मी विनामूल्य उतरवून देईन आणि मूळ कॅसेट परत करीन. एक विनंती: कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी पूड दिसली तर ती घरच्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहू नका, बुरशी हेडला लागते आणि टेप चिकटून तुटते. तशीच आणा. वर वर्ष लिहिलं नसलं तरी हरकत नाही, गाणी ऐकून आमच्या बॅचच्या मुली वर्ष सांगतील.