तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हल्ली दिसत नाही कुठे?’

शिवाजी मंदिरला मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीत, अगदी दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा हा प्रश्न येतोच. ‘सोडलंत का काम?’ नाही हो. तुमच्याकडे टीव्हीवर मराठीत डब केलेला दाक्षिणात्य सिनेमा लागतो ना, त्यातली सासू मी असते. नणंदही मीच, जरा नाकात.

‘म्हणजे नुसता आवाज?’ इथे माझं डोकं फिरतं. पडद्यावरची तेलुगू बाई ‘अम्मा’ म्हणताना ओठ मिटते. क्लोजअप असेल तर तिथे ‘आई’ बसत नाही, ‘अगं माय’ करावं लागतं, तेही तेवढ्याच वेळात. शिवाय बालगंधर्वच्या बाल्कनीपर्यंत फेकायची सवय असलेला आवाज वीतभरावरच्या माइकला द्यायचा. पहिल्या दिवशी रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून बाजूला ठेवले होते.

आता तुम्हाला जे ऐकायचंय ते. एका सिनेमात आईच्या भूमिकेसाठी माझी ऑडिशन झाली होती, लुक टेस्टही झाली. मग फोन यायचे थांबले. भूमिका हिंदीतल्या एका ओळखीच्या चेहऱ्याला गेली. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून काही महिन्यांनी मला फोन आला तो डबिंगसाठी. पैसे हवे होते, गेले. अंधेरीच्या त्या बूथमध्ये समोरच्या स्क्रीनवर ती मुलाच्या प्रेताशी बसलेली. तिच्या ओठांवर नजर ठेवून मी रडले. हेडफोनमध्ये दिग्दर्शक म्हणाला, ‘ताई, थोडं कमी. तिचा चेहरा एवढा रडत नाहीये.’

कमी केलं. अजून कमी. शेवटी नुसता एक श्वास ठेवला, तो त्याला आवडला. ऑडिशनला मी हाच प्रसंग केला होता, ह्याच माणसासमोर. त्याला आठवत होतं की नाही, देव जाणे. मी विचारलं नाही. सिनेमा आल्यावर बाईंच्या मराठी उच्चारांचं कौतुक छापून आलं. श्रेयनामावलीत मी नव्हते.

त्या रागात मी कॅमेरा सोडला, असं एक मैत्रीण सांगत फिरते. साफ खोटं. त्यानंतरही मालिकांच्या ऑडिशन दिल्या. सगळीकडे तीच आई, देवघरापुढे डोळे पुसणारी. आवाजाची कामं म्हणजे उतरणीला लागलेल्यांची सोय, असं ग्रीनरूममध्ये पाय पसरून म्हणणारी तिशीतली मी आज मला हसत असेल. हसू दे. बारा-बारा तास मेकअप चढवून बसायची, आणि पैसे ९० दिवसांनी, हे ती कुणाला सांगायची नाही. तरी एक कबूल करते. प्रेक्षकांत बसून तिसरी घंटा ऐकवत नाही. म्हणून मी मुद्दाम उशिरा आत शिरते, आणि डोअरकीपरची बोलणी खाते.

हल्ली डबिंगच्या करारात आवाज ‘आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत’ वापरू देण्याचं वाक्य असतं. उद्या त्यात एआयची नक्कलही बसवतील, ही माझी धास्ती. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलेला चाप लावला. त्यांचं नाव मोठं. सासू-नणंदेच्या आवाजासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? मी ते वाक्य पेनाने खोडते. कधी काम राहतं, कधी जातं. परवाच एक गेलं. त्याच संध्याकाळी एका नाटकासाठी फोन आला. दौरे किती, नाइट (एका प्रयोगाचे पैसे) किती, एवढं विचारून ठेवलंय. हो म्हटलेलं नाही.